धुक्यात धरलेली जागा

खरं तर मी इथे लिहायला बसलो होतो ते ‘युरोपात ग्रुप टूरला जाताना घ्यायची काळजी’ या विषयावर. आमच्या ल्यूकनच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी टूर-एक्स्पर्ट मानला जातो. कोण मानतं? तर मी. कुणाचे आईबाबा भारतातून आले की माझा मेसेज ठरलेला... बसच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवा, कारण एकाच कंपनीच्या सगळ्या बस सारख्याच दिसतात. म्हाताऱ्या माणसाचा फोन त्याच्याच खिशात असू द्या. गाइडच्या जॅकेटचा रंग लक्षात ठेवा, चेहरा नाही. आणि काही झालं तरी एकमेकांना सोडून पुढे जाऊ नका.

यातली प्रत्येक सूचना मी एकाच दुपारी मोडली. ती हकीकत लिहायला लागलो आणि लक्षात आलं की ही त्या धाग्यात बसणारी नाही, ती इथेच टाकावी लागणार.

आता गंमत अशी की भुताखेतांच्या अनुभवांच्या या ‘अमानवीय’ धाग्यावरचे जुने वाचक मला ओळखतात. प्रत्येक अनुभवाखाली “रात्री जेवण जड झालं होतं का?” असा खवचट प्रतिसाद देणारा तो मीच. तेव्हा आज माझी पाळी. घ्या हात धुऊन.

मी मूळचा तासगावचा, नंतर पुणे, आता बरीच वर्षं डब्लिनजवळ ल्यूकनला. सॉफ्टवेअरमध्ये. घरी बायको गौरी आणि आठ वर्षांची ईरा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर आयरिश इंग्रजीतच येतं. गेल्या वर्षी आई गेली. खरं म्हणजे ती आणि माझे वडील, आप्पा, दोघं यायचे होते. या उन्हाळ्यात आप्पा एकटे आले.

आले, आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “परतीचं तिकीट अलीकडचं बघ.”

“का हो आप्पा? करमत नाही?”

“करमतंय की. पण ती तिकडं एकटी हाय.”

“कोण?”

“तुझी आई.”

हे ते रडवेल्या आवाजात म्हणाले असते तर मला काहीतरी समजूत घालता आली असती. पण ते असे म्हणाले, की जणू निघताना घरात गॅस चालू राहिलाय. गौरीने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मग रोज चहाबरोबर तोच विषय. तिकीट बदललंस का? मी थापा मारायचो, वेबसाइट चालत नाही, सीट नाहीत. मला त्यांना त्या रिकाम्या घरात लवकर पाठवायचं नव्हतं. तिकडे ते धड जेवत नव्हते, हे मला शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं होतं. शेवटी मी तह केला. “एक टूर करू. अटलांटिक बघा. त्यानंतरही जायचं म्हणालात तर त्याच दिवशी तिकीट बदलतो.”

म्हणजे सगळी भिस्त अटलांटिकवर.

डब्लिनहून सकाळी आम्हा दोघांना घेऊन हिरवी बस निघाली. गाइड मेव्ह नावाची, केशरी जॅकेट, तोंडाला विश्रांती नाही. वाटेतलं ॲथलोन गाव येईपर्यंत तिने तीन गाणी म्हटली. आप्पांनी पुढच्या-मागच्या सगळ्यांना तासगावचे बेदाणे वाटले. सगळं झकास चाललं होतं... आणि समुद्रकाठच्या उंच कड्यांवर, क्लिफ्स ऑफ मोहरला पोचलो तर काय, धुकं! कडे नाहीत, समुद्र नाही, समोरचा माणूससुद्धा कमरेपर्यंतच. मेव्ह म्हणाली, “कडे तिथेच आहेत, शप्पथ! मी गेल्या आठवड्यात पाहिलेत.”

आप्पा धुक्याकडे बघत म्हणाले, “दगडच हायत ना? असू देत.”

माझा अटलांटिक असा बुडाला. मी तरी त्यांच्याच फोनवर त्यांचे फोटो काढले, पांढऱ्या पडद्यासमोर उभे केल्यासारखे, आणि तो फोन माझ्याच खिशात टाकला. मग आप्पांना चहा हवासा वाटला. “टू टी प्लीज” हे त्यांना छान जमायला लागलं होतं आणि ते स्वतः म्हणायची त्यांना हौस होती. चहाला लांबच लांब रांग. तेव्हा मी जे वाक्य बोललो ते आपल्या माणसाशिवाय जगात कोणी बोलणार नाही —

“आप्पा, तुम्ही चहा घेऊन या. मी पुढं जाऊन जागा धरतो.”

जागा! सकाळपासून आमच्या ठरलेल्या सीटा होत्या. शिवाय उतरताना मी सवयीने आप्पांचा तपकिरी चौकड्यांचा मफलर सीटवर टाकून आलो होतो... रुमाल टाकतात तसा. आयरिश लोक बिचारे भांडायलाही येत नाहीत. पण हे रक्तातच आहे, त्याला मी काय करू?

पार्किंगला गेलो, हिरवी बस दिसली, चढलो. मागच्या दाराजवळ, डावीकडे, तपकिरी चौकड्यांचा मफलर. आपली सीट! मफलर मांडीवर घेतला, शेजारी आप्पांसाठी बॅग ठेवली, हुड डोक्यावर ओढलं. आदल्या रात्री ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरच्या रिलीजसाठी जागलो होतो, डोळे मिटायचीच वाट बघत होते. मिटले.

पुढचं मला नंतर कळलं ते असं. ती बस आमची नव्हती. त्याच कंपनीची दुसरी होती. तो मफलर कॉर्कच्या नोरा नावाच्या आजींचा होता. त्या अजून टॉयलेटच्या रांगेत होत्या. त्यांच्या गाइडने येऊन डोकी मोजली. नोराच्या सीटवर हुड घातलेलं, मफलर घेतलेलं, पेंगणारं एक डोकं होतं. आकडा जुळला. बस सुटली. थोडक्यात, एका आयटी आर्किटेक्टला ऐंशीच्या घरातली आजी म्हणून मोजलं गेलं आणि कोणाला काही खटकलं नाही.

आता ऐका.

मी झोपेत होतो. आणि खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बोटांची नाही. काचेच्या बांगड्या घातलेल्या हाताची... ज्यांनी ऐकलीय त्यांना ती वेगळी कळते, टकटकीमागे बारीक किणकिण असते. आणि खिडकीच्या खालून आवाज आला.

“बाळ्या. ऊठ. उतर. आपली न्हवं ही.”

मी ताडकन उभा राहून ओरडलो, “आलो, आलो!”

अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. बस चालत होती. चढावर होती. खिडकीबाहेर धुकं आणि बुटकी दगडी भिंत, बाकी काही नाही. शेजारच्या सीटवर माझी बॅग. आप्पा नव्हते.

तो आवाज कोणाचा हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. लहानपणी तासगावच्या स्टँडवर आई मला गाडीच्या खिडकीतून आत ढकलायची. मी आत पडलो की सीटवर आडवा, हातपाय पसरून, जागा धरून. मग कधीकधी ड्रायव्हर येऊन पाटी बदलायचा आणि गाडी भलत्याच गावाची निघायची. तेव्हा आई खालून काचेवर हात आपटायची आणि हेच म्हणायची, याच शब्दांत, जरा वैतागून. मी पुन्हा खिडकीतूनच बाहेर, तिच्या हातांत. तिच्या हाताला तेव्हा नेहमी पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास यायचा. आप्पा लांब, ट्रंकेजवळ उभे. आम्हा पोरांना चढवणं-उतरवणं हे खातं आईचं होतं, त्यात त्यांनी कधी हात घातला नाही.

पण त्या वेळी हे काही आठवायला सवड नव्हती. माझ्या डोक्यात एकच... आप्पा एकटे आहेत. दोन्ही फोन माझ्या खिशात. आणि आप्पांना एका जागी थांबायची सवय नाही, चुकामूक झाली की ते शोधायला निघतात. ल्यूकनच्या शॉपिंग सेंटरमध्ये असेच निघाले होते, शेवटी सिक्युरिटीवाल्याने आणून सोडले. इथे धुकं होतं, आणि धुक्याच्या पलीकडे कडा.

मी पुढे धावलो. ड्रायव्हरने शांतपणे गाडी कडेला घेतली. “यू आर ग्रँड,” म्हणाला, म्हणजे काही बिघडलं नाही. आयर्लंडमध्ये घर पेटलेलं असलं तरी माणूस ग्रँडच असतो. गाइडने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

“तुम्ही नोरा नाही!”

“नाही,” मी म्हटलं. हे कबूल करायला मला काही अडचण नव्हती.

“मग नोरा कुठेय?”

तो रस्ता इतका अरुंद की बस वळवायला पुढे कुठलं तरी शेताचं फाटक गाठायला हवं होतं. मला तेवढा धीर नव्हता. मी उतरलो आणि उतारावरून पळत सुटलो. हातात नोराचा मफलर, तोंडाने “आप्पा! आप्पा!” धुक्यातून दोन गाईंनी मान वर करून बघितलं. मी त्या धावेत देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, कारण त्यातलं बरंचसं अजून फेडलेलं नाही.

पार्किंगच्या भिंतीवर आप्पा बसले होते. शेजारी एक पांढऱ्या केसांच्या आजी. दोघांच्या हातात चहाचे कागदी कप, मध्ये बेदाण्यांची पुडी उघडी. आमची खरी बस मागे उभी होती आणि मेव्ह दारात उभी राहून हात हलवत होती.

“आलास?” आप्पा म्हणाले. “तुझा च्या या बाईंना दिला. गार झाला असता.”

 गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होतो.

“आप्पा... घाबरला नाहीत ना?”

“घाबरायचं काय त्यात? च्या घेऊन आलो तर तू भलत्याच गाडीत बसलेला. हाक मारली, तुला ऐकू गेली न्हाई. गाडी हलली. माझ्यानं पळवतंय होय आता? मग म्हटलं तिला, अगं, पोरगं दुसऱ्याच गाडीत बसलंय बघ, उतरीव त्याला.”

“...कुणाला म्हणालात?”

“कुणाला म्हंजे?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचंच नाव विचारलं.

मी एक अक्षर सांगितलं नव्हतं, मंडळी. कसा उतरलो, का उतरलो, काहीच नाही.

नोरा आजींना मी मफलर दिला, माफी मागितली. त्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. “युअर मॅन इथे,” त्या आप्पांकडे बोट दाखवून म्हणाल्या — इकडे कुठल्याही माणसाला युअर मॅन म्हणतात, पहिल्या वर्षी मी गोंधळायचो की माझा कसा — “युअर मॅन त्या बाजूला तोंड करून काहीतरी बोलला. बायकोला काम सांगतात ना, तसा. मला वाटलं मागे कोणी आहे म्हणून मी वळून बघितलं. कोणी नव्हतं. मग त्याने मला चहा दिला आणि निवांत बसला. मीही बसले. म्हटलं, याने सांगितलंय कोणाला तरी, होईल काम.”

मग त्यांची बस धुक्यातून परत आली आणि त्या आप्पांचा हात दाबून गेल्या.

 परतीच्या वाटेवर ॲथलोनच्या आसपास मी शेवटी आप्पांना सांगून टाकलं. काचेवरची टकटक, आवाज, सगळं.

आप्पांनी एकच विचारलं. “काय म्हणाली?”

“उतर म्हणाली. आपली न्हवं ही.”

“हां. तीच.”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, “म्हंजे हिकडं आलीय ती. मला वाटत हुतं तिकडंच राहिली.” आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, “तिला व्हिसाला बोटांचे ठसे-बिसे द्यायला लागले नसतील न्हाई?”

“नसावेत,” मी म्हणालो. 

घरी सगळा किस्सा ऐकून ईरा म्हणाली, “डॅड, यू आर सच ॲन ईजिट.” ईजिट म्हणजे इकडच्या बोलीत मूर्ख. हे सर्वमान्य आहे.

आता माझं काम मी करतो. इतरांच्या अनुभवांची जशी चिरफाड केली तशी याचीही केलीय. मी झोपेत होतो. आप्पांची वाट बघत होतो. अर्धवट जागा असताना बस हलल्याचं कळलं असेल आणि मेंदूने जुनं रेकॉर्डिंग लावलं असेल. पटतं. काचेला फांदी घासली असेल... त्या रस्त्याला झाड नाही, पण समजा असेल. आप्पा आईशी एकटेच बोलतात हे मलाही माहीत होतं, त्यात नवं काही नाही. सगळं सुटं सुटं पटतं. एकत्र ठेवलं की पटत नाही, आणि एकत्र ठेवायचं टाळावं असंही मला वाटत नाही. त्यामुळे प्रतिसादात जेवणाबद्दल विचारणार असाल तर सांगतो, चीज सँडविच. हलकंच.

दुसऱ्या दिवशी मी शब्दाला जागून लॅपटॉप उघडला. “आप्पा, बोला, कोणत्या तारखेचं बघू?”

“राहू दे,” ते म्हणाले. “हाय त्या तारखेला जाऊ की.”

तेव्हापासून ते इथे रुळलेत. सकाळी आमच्या आधी उठून चहा टाकतात. आमच्या किचनला एकसारखी दहा-बारा कपाटं आहेत, इथे त्यांना प्रेस म्हणतात, आणि गौरी दर शनिवारी आवरते तेव्हा आतलं सगळं इकडचं तिकडे करते. मला स्वतःला साखर चौथ्या दारामागे सापडते. आप्पा मात्र ओट्यापाशी उभे राहून म्हणतात, “अगं, साखर कुठं ठेवली या पोरांनी आज?” जरा थांबतात. आणि सरळ जाऊन एकच दार उघडतात.

गौरी म्हणते, त्यांना अंदाज आला असेल. असेल. मी जिन्यात उभा राहून बघतो, आत जात नाही. त्यांचं बोलणं झालं की जातो.