तीन लाखांच्या चार खोल्या

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात माणसाची पत दोन गोष्टींवर ठरते. पोरं किती शिकली, आणि खोली हेवी डिपॉझिटवर आहे की भाड्याची. हेवी म्हणजे मालकाच्या हातात एकदम मोठी रक्कम ठेवायची, काही वर्षं बिनभाड्याने राहायचं आणि निघताना दिली तेवढीच परत घ्यायची. रखमा सोळा वर्षं हेवीवर राहिली. नळावर भाडेकरू बायकांपुढे तिची मान ताठ असायची.

"आम्ही भाडं नाही भरत," ती सांगायची. ऐकणारीने विचारलेलं नसलं तरी.

अंबरनाथला शेजारी बनूबाई होती, भाडेकरू. एकदा तिने शांतपणे सुनावलं होतं, "नको भरूस तू. माझे पैसे पोस्टात आहेत, ते तीन महिन्यांनी व्याज देतात. तुझे मालकाकडे निजलेत." रखमाने हंडा उचलला आणि निघून आली. भाडेकरू बाईने हिला शिकवायचं?

हेवीत ठेवलेले हे तीन लाख नवऱ्याचे, बबनचे. एमआयडीसीतली कंपनी बंद पडली तेव्हा हातात आलेले. दोस्तांनी रिक्षा घ्यायला सांगितली, मेहुण्याने उसने मागितले. रखमाने कुणालाच दाद दिली नाही. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये दोन खोल्या घेतल्या, मग कॅम्प पाचला, मग अंबरनाथला. घरी बसून ती जीन्सचे धागे कापायची, नगावर पैसे. पोरांच्या फिया त्यातून गेल्या. मुलगी प्रीतीच्या लग्नाला पतपेढीचं कर्ज काढलं, पाच वर्षं व्याज भरलं, पण त्या तीन लाखांना हात लावला नाही. याला ती हुशारी समजायची. तिला एकटीलाच का नावं ठेवा? अख्खा पट्टा तसंच समजतो.

लेक माहेरी यावी तशी ती रक्कम दोन खोल्यांच्या मधल्या चार तासांसाठी मांडीवर यायची. या वेळी शनिवारी आली. अंबरनाथच्या मालकाने सकाळी पाचशेच्या सहा गड्ड्या मोजून दिल्या. बबन आणि मुलगा सम्यक टेम्पोत सामान घालून बदलापूरला पुढे गेले. रखमाने पिशवीत गड्ड्या ठेवल्या, वर चपात्यांचा डबा ठेवला आणि रिक्षा धरायच्या आधी वस्तीतल्या बुद्धविहारात जाऊन बसली.

दुपारी विहारात कुणी नसतं. पांढरे पडदे आत फुगायचे, बाहेर जायचे. थंड फरशीवर ऊन पाण्यासारखं हलत होतं. पिशवी मांडीवर घेऊन रखमाने डोळे मिटले, आणि खोल्या एकेक करून येऊ लागल्या. कॅम्प एकची आतली खोली. तिच्या खिडकीतून समोरच्या सिंधी बाईचे गच्चीवर वाळणारे पापड दिसायचे, शंभर चंद्र मांडून ठेवल्यासारखे. त्या खोलीतून दार उघडलं की कॅम्प पाच, तिथे जीन्सचा निळा भुसा हवेत तरंगतोय आणि त्यात दहावीतली प्रीती अभ्यास करतेय. पुढचं दार उघडलं की अंबरनाथ. सगळ्या खोल्या एकमेकींत उघडत होत्या आणि सगळ्या तिच्याच होत्या. ती अनवाणी फिरत होती. पुढचं दार मात्र तिला वाकून उघडावं लागलं, त्याच्या पुढचं आणखी वाकून.

फोन वाजला. "आई, टेम्पोवाला वेटिंग लावतोय," सम्यक म्हणाला.

बदलापूरला उतरली तर सामान अजून रस्त्यावर.

"मला वाटलं पैसे घेऊन पळालीस," बबन म्हणाला.

"पळाले असते तर तुमच्यासाठी चपात्या कशाला आणल्या असत्या?"

खोली तिने फक्त मोबाइलवर पाहिली होती. मोबाइलवर सगळ्याच खोल्या ऐसपैस दिसतात. दारात त्यांचं लोखंडी कपाट अडकलं होतं. दोन हमाल ते आडवं-तिरपं करत होते. कॅम्प एकला याच कपाटाशेजारी खाट मावायची. कॅम्प पाचला ते स्वयंपाकघरात गेलं. अंबरनाथला त्याचं एकच दार उघडायचं. आता ते आतच जाईना. रखमा बघत राहिली. कपाट तेच होतं आणि पैसेही तेच होते. आपण म्हातारे झालो, दोघांना एवढी जागा पुरे, असं तिने दर वेळी मनाला समजावलं होतं. पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती पन्नाशीचीसुद्धा नव्हती.

मालक कमळाकर इथलाच, जुना शेतीवाला. खुर्चीत बसून तो म्हणाला, "वैनी, मोजायचे ना पैशे?"

"एवढीशी खोली, आणि संडास बाहेर?"

"तीन लाखात आता हेच. सोळा वर्सांपूर्वी तीन लाखात माझ्या बापाने चाळीची ही अर्धी लाइन बांधली."

तो साधेपणानेच बोलला. रखमाने पिशवी घट्ट धरली आणि वर पाहिलं.

"वर गॅलरीची खोली रिकामी दिसतेय. भाड्याने किती?"

बबनने तिच्याकडे पाहिलं. भाड्याने खोली तिने कधी विचारलीच नव्हती.

"महिना पाच हजार, तीस डिपॉझिट. पण मला हेवीच पायजे, वैनी. पोरीचं लगीन आहे."

"तुमच्या पोरीचं ना? माझ्या पोरीच्या लग्नाला मी व्याजाने काढले, आणि माझे पैसे बिनव्याजी मालकाकडे. आजवर माझ्या पैशांवर कुणाचे स्लॅब पडले, कुणाच्या गाड्या आल्या. आता पुरे. बँक आहे नाक्यावर, तिला मागा."

कमळाकर हसला. वरची खोली चार महिने रिकामी होती, हे त्यालाही ठाऊक होतं. "द्या तीस. चावी घ्या."

सम्यकने तिला बाजूला घेतलं. त्याला इथेच फ्लॅट बुक करायचा होता. तीन लाख हेवीत गुंतलेत म्हणून आजवर गप्प होता. "भाडंच भरायचं तर मला दे ना. घर होईल आपलं. तू काय, माझ्याकडेच राहशील."

"राहीन की. पाहुणी म्हणून."

"असं काय बोलतेस?"

"सून म्हणून मनाली चांगली आहे, तू पण चांगला आहेस. पण तिथे मला पंखा लावायचा तरी विचारावं लागेल. मी एकसष्ट वर्षांची आहे, सम्यक. माझ्या नावावर रेशनकार्डाशिवाय काही नाही."

तो हमालांकडे गेला आणि कपाटाला खांदा लावून ते वर चढवू लागला. बबन जिन्यातच बसून राहिला. "पहिल्या तारखेला भाडं द्यायला मी नाही जाणार," तो म्हणाला. "चार लोक बघतात."

"मी जाईन. बघू दे."

शनिवार, रविवार पैसे घरात होते. एवढा वेळ ते कधीच राहिले नव्हते. रविवारी दुपारी गॅलरीच्या दाराशी आडवी होऊन तिने ते उशाशी घेतले आणि मनात खोल्या मांडायला गेली. एकही आली नाही. नुसता मोकळा उजेड आला, भिंती नसलेला. तिला जरा चुकल्यासारखं वाटलं, मग त्या उजेडातच झोप लागली.

सोमवारी पोस्टात दोन खिडक्या फिराव्या लागल्या. आधी पैसे खात्यात, मग तिथून वृद्धांच्या योजनेत. दोन लाख सत्तर हजार. तीन महिन्यांनी साडेपाच हजारांच्या आसपास येणार होते. तेवढ्या महिन्यांच्या भाड्याला निम्मेही नाहीत. बाकी धाग्यांचे आणि बबनच्या वॉचमनकीचे. रखमाने ते बोटांवर मोजलं आणि मान हलवली.

फॉर्म सम्यक भरत होता. सुट्टी टाकून आला होता, तोंड पाडून का होईना.

"नॉमिनी कोण?" पोस्टातल्या बाईंनी खिडकीतून विचारलं.

सम्यकचं पेन थांबलं.

"माझ्यानंतर प्रीती आणि सम्यक," रखमा म्हणाली. "निम्मं निम्मं."

त्याने आधी बहिणीचं नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट, सावकाश, चूक होऊ नये म्हणून. मग स्वतःचं. मग फॉर्म आईपुढे सरकवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.