भागरताबाईंनी फिरवलेली बरणी

सुजाता मेश्रामचा राग अमेरिकेतल्या अख्ख्या हर्नडनच्या मराठी लोकांना ठाऊक होता. अपार्टमेंटचा मॅनेजर देशी कुटुंबांना मुद्दाम कचऱ्याच्या डब्यांकडच्या खोल्या देतो हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा त्याच्या ऑफिसात जाऊन मोडक्या इंग्रजीत तिने असा आवाज चढवला, की पुढे तो माणूस तिला लांबून बघूनच अदबीने हसायला लागायचा. बुद्धपौर्णिमेला हॉल मिळत नसेल, कुणाची कंपनी पासपोर्ट दाबून बसली असेल, तर लोक सुजाताला फोन करायचे. हात जोडून बोलणाऱ्यांतली ती नव्हती.

तिचं स्वतःचं एक दुखणं मात्र जुनं होतं. नागपूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सरांनी तिची स्लाइड मायक्रोस्कोपखाली न घेताच बाजूला सारली. म्हणाले, "तुम्ही लोकांनी आर्ट्सला जावं." 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, ते सांगायची गरज नव्हती. ती नापास झाली. मग लग्न, मग देवानंदच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपाठोपाठ व्हर्जिनिया. १९९८ साली, तिशी उलटल्यावर, तिने कम्युनिटी कॉलेजात बायॉलॉजीला नाव घातलं. नर्सिंगला जायचं तर या विषयात चांगली ग्रेड हवी होती, आणि ग्रेड अडकली होती एका प्रोजेक्टवर. प्रोजेक्ट बुडाला की नर्सिंग बुडालं, इतकं सरळ होतं सगळं.

तिने विषय घेतला, झाडाला वर कुठलं आणि खाली कुठलं हे कसं कळतं. बाकीच्यांनी दुकानातून बियांची पाकिटं आणली. सुजाताने घरातली मटकी भिजवली. लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीला आतून ओला कागद लावला, काच आणि कागदाच्या मधे मोड आलेले दाणे आडवे बसवले. एका बाजूचे मोड तसेच ठेवले. दुसऱ्या बाजूच्या मोडांचे टोकाचे अगदी शेंडे तेवढे ब्लेडने उडवले. झाकण लावून, उजेड लागू नये म्हणून गुरुवारी संध्याकाळी बरणी स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली. शनिवारी सकाळी लॅबमध्ये दाखवायची होती.

आता घरात होत्या तिच्या सासूबाई. भागरताबाईंनी नागपुरात, इंदोऱ्याच्या चौकात, हातगाडीवर उसळ विकून देवानंदला इंजिनिअर केलेलं. सहा महिन्यांसाठी पोराकडे आलेल्या. फावल्या वेळी त्या टीव्हीवरच्या इंग्रजी सीरियल बघायच्या, आणि कोण कुणाला फसवतंय ते देवानंदच्या आधी ओळखायच्या.

शनिवारी सकाळी सुजाताने कपाट उघडलं आणि किंचाळलीच. मोड जिन्याच्या पायऱ्यांसारखे वाकडेतिकडे झाले होते. बरणी पालथी पडलेली.

"आई! ही बरणी कुणी हलवली?"

"मीच फिरवली," भागरताबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "तू मटकी कोंडून ठेवली अन् विसरली. फिरवल्याबिगर खालचे दाणे दबतात, मोड घुसमटतात. एवढी शिकली तू, मटकी काऊन फिरवत नाही?"

"अहो, तो प्रोजेक्ट होता माझा! उसळ नव्हती!"

"मग बरणीवर लिवायचं ना, प्रोजेक्ट म्हणून."

"तुम्ही वाचलं असतं इंग्रजी?"

"मराठीत लिवायचं! मले वाचता येते. रात्रशाळेत शिकली मी."

सुजाता अशी तापली होती की बरणी सिंकमध्ये रिकामी करायला तिने उचललीसुद्धा. तेवढ्यात दुसरी बाजू तिच्यासमोर आली. शेंडे उडवलेले मोड वाढले होते, पण वळले नव्हते. आडवे ठेवले होते तसेच नाकासमोर गेले होते. बरणी तीच, पाणी तेच, फिरवणारा हात तोच.

तिने बरणी परत ओट्यावर ठेवली. "आई, कधी कधी फिरवली? आठवून सांगा."

"चहा ठेवला की. पोळ्या झाल्या की. अन् सीरियल संपली की."

"कशी फिरवली?"

"कधी आडवी, कधी पालथी. जशी हातात येईन तशी."

सुजाताने एक मोड बोटाने काचेवरून धरत नेला. चहाला एक वळण, पोळ्यांना एक, सीरियलला एक. जितक्यांदा बाईंनी खालची बाजू बदलली, तितक्यांदा मोडाने नवी खालची बाजू शोधली होती.

"चपला घाला आई. कॉलेजात यायचंय तुम्हाला."

"मी? मले इंग्रजी येत नाही."

"तुम्ही खरं सांगा. इंग्रजीचं मी बघते."

निघण्याआधी तिने बाईंच्या फडक्यात बांधलेल्या उसळीच्या मटकीतले सरळ मोडाचे दाणे उचलले, दुसऱ्या बरणीत मोड सरळ खाली करून बसवले आणि अर्ध्यांचे शेंडे उडवले. हलवलेली बरणी सर मानणार नाहीत, अशी तिला शंका होती. ती शंका खरी ठरली.

गाडीत तिने समजावलं. मोडाच्या टोकाच्या पेशींमध्ये पिठाचे बारीक बारीक कण असतात. मोड आडवा झाला की ते कण घरंगळून खालच्या अंगाला बसतात, आणि पेशीला खाली कुठे ते समजतं. मग वाढीचा रस खालच्या अंगाला जास्त साचतो. मुळाची तऱ्हाच अशी, की रस जास्त झाला की वाढ मंदावते. वरचं अंग मात्र वाढतच राहतं, म्हणून मूळ खाली वाकतं. खोडाचं नेमकं उलटं, म्हणून ते वर जातं.

"म्हणजे बाटलीत साबुदाणा भरून बाटली आडवी केल्यावानी," भागरताबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

लॅबमध्ये प्रोफेसर व्हिटेकरनी जुनी बरणी बघितली आणि मान हलवली. "बरणी मधेच हलवली गेली. नोंद नाही, नियंत्रण नाही. मी 'अपूर्ण' असा शेरा देतो."

शेजारच्या टेबलावरची पुण्याची नेत्रा हळूच म्हणाली, "अय्या, मटकी! उसळच करून आणायचीस ना. तुम्ही नागपूरकडचे ना? आडनाव काय म्हणालीस?"

"मेश्राम. कळलं ना जे काढून घ्यायचं होतं ते? आता स्वतःच्या वाटाण्यांकडे बघ."

मग ती व्हिटेकरांकडे वळली. "सर, हलवली म्हणूनच तर दिसलं. ही माझी सासू. हिने हलवली, कधी ते ती सांगते. आणि पटत नसेल तर ही नवी बरणी इथेच आडवी ठेवते. लॅब संपताना बघा. शेंडा असलेले खाली वळतील. कापलेले वळणार नाहीत. तसं झालं नाही तर शेरा मीच माझ्या हाताने लिहीन."

व्हिटेकरांनी घड्याळ बघितलं. "उजेडाचं काय?"

सुजाताने सासूच्या अंगावरची शाल काढून बरणीवर गुंडाळली आणि ऊब लागून मोड लवकर वाढावेत म्हणून बरणी खिडकीखालच्या कोमट हीटरवर आडवी ठेवली.

पुढचे तीन तास भागरताबाईंनी कसे काढले ते त्याच जाणोत. खुर्चीत बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. मधेच म्हणायच्या, "एकडाव फिरवू का वं?"

"आई, हात लावाल तर बघा!"

"दबून राहिले असतीन ते."

नेत्राला हसू आवरेना. तिने बाईंना थर्मासमधली कॉफी दिली. "घ्या मावशी, हाताला काहीतरी काम."

लॅब संपली. व्हिटेकरांनी स्वतः शाल उलगडली, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेला नाक लावलं. शेंडेवाल्या मोडांची टोकं आकड्यासारखी खाली वळली होती. कापलेले सरळ होते. एक सोडून. एक कापलेला किंचित वाकला होता.

"हा?" त्यांनी विचारलं.

सुजाताला तो दाणा आधीच दिसला होता. बोटाने झाकता आला असता. "त्याचा शेंडा माझ्याकडून पुरता उडाला नसणार. रिपोर्टात तसं लिहिते."

"लिही. आणि पहिल्या बरणीत कधी कधी फिरवली तेही लिही." त्यांनी वहीतला 'अपूर्ण' खोडला, आणि दोन्ही बरण्या खिडकीत सगळ्यांना दिसतील अशा मांडून ठेवल्या. मग भागरताबाईंकडे बघून काहीतरी म्हणाले.

"काय म्हणते तो?"

"म्हणतात, तुम्ही छान फिरवली."

भागरताबाईंनी हात मांड्यांखालून काढले, शाल झटकून अंगावर घेतली. "आता त्या बरण्या घे. दाणे काऊन इथं टाकून द्यायचे? आज उसळ नाही केली तर नासतीन."

सुजाताने जुनी बरणी खिडकीतच राहू दिली. नवीतले दाणे मात्र नेले.