ऑडिटर भिंतीच्या कडेने चढला

त्या जिन्याची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं.

यशवंतपूरला एका ट्रस्टच्या कमी भाड्याच्या खोल्या होत्या. घाऊक बाजारात राबणारी कुटुंबं तिथे राहत. जिन्याची एक पायरी मधोमध ढासळून एक बाई खाली पडली आणि तिच्या कंबरेचं हाड मोडलं. ट्रस्टने उलट तिच्याविरुद्धच तक्रार दिली: जड पोती आपटून तिने जिना तोडला, तिने खोली सोडावी. तपास माझ्याकडे होता; जबाब घ्यायला मी गेले तेव्हा खाटेवरून ती म्हणाली, "हाड जुळेल, अक्का. खोली गेली तर पोरींना ठेवू कुठे?"

ट्रस्टचा मॅनेजर एकच पालुपद लावून बसला होता: इमारतींची मजबुती तपासणाऱ्या ऑडिटरने जागा पाहून ती सुस्थितीत असल्याचा दाखला दिलाय. पंचनाम्याच्या वेळी एका भाडेकरू बाईने माझा दंड धरून मला भिंतीकडे ओढलं. "मॅडम, स्वल्प, जरा भिंतीच्या कडेने. पायरीची फरशी वरून नवी आहे, मधे खालून पोकळ." मग हळूच म्हणाली, "दाखला देणारे साहेबच ट्रस्टला सल्ला देतात. दोन्ही कामांची फी घेतात."

ऑडिटरला चौकशीला बोलावलं. बसवनगुडीसारख्या सभ्य वस्तीतला, आपल्यासारखाच शिकलेला, गोड बोलणारा. "मॅडम, खरं सांगतो, मी वर कधी गेलोच नाही. फोटो पाहून सही केली. आळस म्हणा, पण गुन्हा म्हणू नका."

माझा सहकारी म्हणाला, "सोडा, नुसता निष्काळजी माणूस आहे." मला ते पटलं नाही. पंचांसह त्याला जागेवर नेलं आणि पुढे चढायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यानंतर बोलता बोलता, खाली न बघता, तो भिंतीला चिकटला.

"कडेने का चाललात, सर?"

"असंच. सवय."

"वर कधी आला नव्हतात ना?"

खालून वॉचमन बोलला, "दोनदा आलेत की. कुठे पाय ठेवायचा ते मीच शिकवलं साहेबांना." त्याचा जबाब तिथेच नोंदवला.

स्टेशनात ऑडिटरने शांतपणे सांगितलं, "सल्लागार म्हणून मी दुरुस्ती करा म्हणालो होतो. ऑडिटर म्हणून ते माझ्यासमोर आलं नव्हतं."

मी खुनी पाहिलेत, खोटं बोलताना त्यांची नजर तरी झुकते. हा माणूस मात्र स्वतःचा जीव भिंतीच्या कडेने सांभाळून वर गेला, खाली आला आणि गरिबांना मधोमध चालायला सोडून सही करून मोकळा झाला.

त्याच्यावर आणि मॅनेजरवर आरोपपत्र गेलं. बाईविरुद्धची तक्रार टिकली नाही, खोली तिच्याकडेच राहिली. पोतं मात्र ती पुन्हा उचलू शकली नाही.

सुशिक्षित माणूस स्वतःला आळशी म्हणवून घ्यायला फार लवकर तयार झाला, तर पोलिसाने त्याला सोडायची घाई करू नये. मोठा अपराध झाकायला तो लहान अपराध पुढे करत असतो, आणि आपण सभ्य दिसणाऱ्यांचं म्हणणं लगेच खरं मानतो.