घासून लख्ख केलेला तवा

मक्याच्या रोटीला ब्रेड म्हणणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नव्हता. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला राहायचो. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका खोक्यातलं तयार पीठ आणून गोड कॉर्नब्रेड करायच्या आणि 'एकदम सदर्न', म्हणजे अस्सल तिथल्या दक्षिणेकडचा, म्हणून वाढायच्या. तो धड केक नव्हता, धड ढोकळाही नव्हता. त्यांची जिरवायची म्हणून मी शेजारच्या सत्तरीच्या अमेरिकन बाईंकडे शिकायला गेले.

बाईंचं सगळं एका तव्यावर होतं. खोलगट, बिडाचा, काळाकुळकुळीत. आई गेल्यावर भावंडांनी घर आणि जमीन वाटून घेतली, बाईंनी फक्त तवा मागितला होता. तो ओव्हनमध्ये कडकडीत तापवायचा, डब्यातलं थिजलेलं तूप त्यात सोडायचं आणि मक्याचं पीठ, ताक, अंडं यांचं सरबरीत मिश्रण ओतायचं. चर्र आवाज आला नाही तर मेहनत फुकट. साखर अजिबात नाही. खालचा पापुद्रा इतका कुरकुरीत व्हायचा की मी न विचारता दुसरा तुकडा उचलायची.

मंडळाच्या गणपतीच्या जेवणासाठी बाईंनी मला तवा दिला, वर तुपाचा डबाही देऊ केला. हे तूप कसलं, असं तेव्हा कुठे मी विचारलं. ती बेकनची, म्हणजे डुकराची चरबी होती. शाकाहाराचा टेंभा मिरवणारी, अंड्यापुरती सूट स्वतःच स्वतःला दिलेली मी, दोन महिने ती मिटक्या मारत खात होते.

बाईंवर चिडता येईना, म्हणून राग तव्यावर काढला. सोडा घालून उकळला, तारेच्या घासणीनं दुपारभर घासला. राखाडी, लख्ख निघाला. साजूक तूप घालून ब्रेड केला, तो बुडाला असा चिकटला की उलथन्यानं खरवडावा लागला. का चिकटला, याचा विचारही केला नाही. शेवटी मीही खोक्यातलं पीठ आणलं आणि गोड ब्रेड मंडळात नेला. सगळ्यांना आवडला.

तवा परत देताना मी ऐटीत सांगितलं, अगदी स्वच्छ करून आणलाय. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला.

"आईनं याला कधी साबण लावला नव्हता," एवढंच म्हणाल्या आणि वर माझे आभार मानले.

घरी आले तर समोर खुंटीला माझा तवा. घावनांचा, बिडाचा, आईनं दिलेला, साड्यांत गुंडाळून विमानातून आणलेला. नवऱ्यानं एकदा त्याला साबण लावला, तेव्हा वर्षानुवर्षं मुरलेला तेलाचा थर जातो म्हणून मी त्याला अडाणी म्हटलं होतं आणि चार दिवस अबोला धरला होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मंडळातल्या बायकांना नावं ठेवत फिरणारी मी, माझ्याइतकी मूर्ख त्यांच्यात एकही नव्हती.

पुढच्या रविवारी बाई ॲल्युमिनियमच्या भांड्यात कॉर्नब्रेड घेऊन दारात उभ्या होत्या.

"फक्त लोणी लावलंय," त्या म्हणाल्या. "तुला चालेल असं."

खाली पापुद्रा नव्हता. मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.