घोटभर पाणी

येलहंक्याच्या गल्ल्यांमध्ये हयवदनला ओळखत नाही असं कुत्रं सापडायचं नाही. त्याची नोकरीच ती. जाळी टाकायची, कुत्रं धरायचं, रेबीजची लस टोचायची, अंगावर रंगाचा पट्टा ओढायचा आणि सोडून द्यायचं. घरी आला की पद्मावतीअक्का त्याला आधी न्हाणीघरात पिटाळायची. "कुत्र्यांचा वास घेऊन स्वयंपाकघरात ये, मग बघ!" आई गेल्यापासून ह्या थोरल्या विधवा बहिणीनंच त्याला वाढवलं. घरात दोघंच.

अक्काचा नेम असा, की नैवेद्य झाला की पहिला घास गाईला. तोही हातानं भरवायचा. शेजाऱ्यांची गाय बरोबर वेळेला दारात हजर व्हायची. एके दिवशी तिनं घास घेतला, पण गिळेना. तोंडातून नुसती लाळ. आता शहरातल्या गाईच्या घशात काही अडकलं म्हटलं की ते प्लास्टिकच, दुसरं कुणाच्या डोक्यात येतच नाही. अक्कानं पदर खोचला आणि मनगटापर्यंत हात आत घातला. प्लास्टिक नव्हतंच.

संध्याकाळी हयवदननं त्या गाईचं हंबरणं ऐकलं. घोगरं, फाटलेलं, थांबता थांबेना. पिसाळलेल्या जनावराचा हा आवाज त्याच्या ओळखीचा होता, आणि घशात हात घातल्याचं अक्कानं सांगितलंच होतं.

"अक्का, हाताला कुठं कापलंबिपलं नव्हतं ना?"

"छे रे! आणि धुतलेत मी हात साबणानं."

"तरी इंजेक्शन घेऊन येऊ. चल."

"धडधाकट बाईला सुया कशाला? गोमाता ती, तुझं कुत्रं नव्हे."

खोबरं खवताना तिचं बोट चांगलं कापलं होतं. पण हा घर डोक्यावर घेईल म्हणून बाई गप्प बसली. गाय मेली, तपासणीत रेबीज निघाला, आणि तेव्हा कुठं हयवदनला ते बोट दिसलं. त्याच पावली तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. मधे आठवडा वाया गेला होता.

सगळी इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी करू नका. पण काळजी का सांगून जाते? हयवदननं गिरीराजला पाहिलं होतं. गिरीराज त्याच्याच कुत्रं धरायच्या गाडीवरचा, हसरा, बेफिकीर माणूस. कुत्र्यानं ओरखडलं ते त्यानं लपवलं. हॉस्पिटलात त्यानं पाणी मागितलं आणि हयवदननंच पेला पुढं केला. पाणी ओठांजवळ येताच गिरीराजचा गळा असा आवळला, डोळे असे फिरले, की पेला हयवदनच्या हातून पडला. गिरीराज गेला, पण ते डोळे अजून त्याची पाठ सोडत नव्हते.

म्हणून रोज सकाळी तो अक्कासमोर पाण्याचा लोटा धरायचा. "पी." ती प्यायची आणि हा मेला तिच्या गळ्याकडे टक लावून बघायचा. पाणी खाली उतरलं की मगच ह्याला कामावर जाण्याचं सुचायचं. महिने गेले, तरी तेच. एकादशीला मात्र त्याचे हाल. लग्न झाल्यापासून अक्का एकादशीला पाण्याचा थेंब घेत नव्हती. तो दिवस हयवदन कसाबसा ढकलायचा.

त्या एकादशीला अक्का उठली ती घसा बसूनच. "हयवदना," तिनं हाक मारली. घोगरी, फाटलेली. तो उठला आणि लोटा भरून घेऊन आला. तिच्यापुढं इतक्या घाईनं धरला की पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

"अरे, आज एकादशी ना!"

"स्वल्प घे, अक्का. एकच घोट."

"सर्दी झालीय मला. काल न्हाऊन ओल्या केसांनी बसले होते."

"घे ना ग!" तो ओरडलाच. उभ्या जन्मात तिच्यावर ओरडला नव्हता.

अक्कानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "रोज हेच बघत होतास होय रे? मला वाटायचं, माया करतोयस."

तिनं लोटा घेतला. एवढ्या वर्षांचा नेम, पण देवघराकडे वळूनसुद्धा न बघता तिनं तो मोडला. घोट सरळ खाली उतरला. हयवदन भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"झालं समाधान?" अक्का म्हणाली. "का पुढच्या एकादशीलाही मागशील?"

खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"मागेन, अक्का."

"सरी, बरं तर," ती म्हणाली, आणि लोट्यात उरलेलं पाणीही तिनं पिऊन टाकलं.