माझ्या पाठीला कोण टेकलं होतं?

आधीच सांगून टाकते, भूतबित प्रकारावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी एसटीत कंडक्टर आहे, शहापूर भागात. मुक्कामाच्या गाड्या केल्यात, जंगलातल्या स्टॉपवर एकटीने डबा खाल्लाय. आमच्या ड्रायव्हर मंडळींकडे वळणावर उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बायकांचा भरपूर साठा असतो. मी त्यांना म्हणायची, "चढू दे की गाडीत, फुल तिकीट घ्यायला लावते." त्यामुळे पुढचं वाचून कोणाला वाटेल की बाई भोळी आहे... तर तसं नाही. भोळ्या बाईचं कंडक्टरकीत काम नाही.

आणि या नोकरीत पाठीला डोळे फुटतात. भरल्या गाडीत मागून काय टेकलंय ते मला वळून न बघता कळतं. भाजीची पाटी, शाळेचं दप्तर, दमलेली म्हातारी, की मुद्दाम अंगावर येणारा कोणी. त्याला कोपर नेमकं कुठे लावायचं तेही कळतं.

किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या टोकाला एकाला एक लागून दोन घरं, एक आमचं आणि एक थोरल्या जाऊबाईंचं. मी त्यांना वयनी म्हणते. दोन्ही घरांच्या मागे सामाईक खळं, जिथे भात झोडतो. खळ्याच्या पलीकडच्या कडेला पेंढ्याची गंजी आणि तिच्यामागे सागाची झाडं. दोन्ही घरांत आजवर कधी कुत्रं पाळलेलं नाही.

गेल्या वर्षी भातझोडणी उरकली आणि थंडीत त्या गंजीच्या आडोशाला एक कुत्री येऊन राहिली. तांबूस, हाडकुळी, जेमतेम वर्षाची. माणूस दिसला की थरथरायची आणि सागात पळायची. म्हणून तिचं नाव पडलं बुजरी. तिच्या गळ्यात तार होती. पिल्लू असताना कोणीतरी बांधलेली... पिल्लू वाढलं, तार तेवढीच राहिली, आणि कातडीत रुतत गेली. लांबूनसुद्धा तिच्या श्वासाची घरघर ऐकू यायची.

मी मुरबाडहून ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. जाळी टाकून बघितली, ती निसटली आणि कितीतरी दिवस फिरकली नाही. खाण्यातून गुंगीचं औषध दिलं, तर वास घेऊन बाजूला झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ताई, पुन्हा जाळी टाकली तर ती कायमची जाईल. आणि तार राहिली तर श्वास कोंडून मरेल. ती आपणहून तुमच्याजवळ आली तरच काही करता येईल. तिच्याकडे पाठ करून रोज एकाच जागी बसा. हाक नाही, हात पुढे करणं नाही. आणि काही झालं तरी वळून बघायचं नाही."

एवढंच ना? हातात घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही.

सकाळची ड्यूटी संपवून आले की दुपारी खळ्याच्या मधोमध पाट टाकून, गंजीकडे पाठ करून बसायची. समोर सुपात वालाच्या शेंगा. मागे हाताभर अंतरावर पेजेचं भांडं, कारण भाकरी तिच्या गळ्याखाली उतरत नव्हती. वयनींना तर आयती करमणूक झाली.

"काय गो वंदना, कुतरीवर रुसलीस काय? पाठ फिरवून बसलीस ती?"

"तुमी बघत राहा वयनी. पंधरवड्यात मांडीवर घेते की नाय."

सुरुवातीला काहीच घडलं नाही. मग एका दुपारी शेंगा सोलताना पाठीला ऊब लागली. आधी हलकेच, मग पूर्ण वजन. एक पाठ माझ्या पाठीला टेकली होती. बरगड्या वरखाली होत होत्या. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, पण वळले नाही. उठायच्या आधी मी मुद्दाम खोकले, म्हणजे ती दचकायला नको. वजन बाजूला झालं. मग हळूच बघितलं, तर बुजरी लांब गंजीजवळ. म्हटलं, गेली पळत. पेज तशीच होती, पण असू दे.

मग ते रोजचंच झालं. बसले की थोड्या वेळाने पाठीला ते वजन यायचं. मी डेपोत सगळ्यांना ऐकवलं, डॉक्टरांना फोन केला, घरात तर मिरवलंच. फक्त तिची घरघर वाढत चालली होती आणि आता पेजही राहायला लागली होती. जवळ येते तर खात का नाही, एवढं एकच कोडं मला सुटत नव्हतं.

एका संध्याकाळी वयनी मोबाईल घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. कल्याणला दिलेल्या लेकीला माझी गंमत दाखवायची म्हणून त्यांनी दुपारी आपल्या मागच्या दारातून, बाजूने, माझा व्हिडिओ काढला होता. पण चेहरा गमतीचा नव्हता.

"हे बघ गो. तुझ्या मागं तर कोनच नाय."

व्हिडिओत मी बसलेली होते. माझे खांदे किंचित पुढे झुकले, कोणी मागून टेकल्यावर झुकतात तसे. मी हसले, ते हसूसुद्धा दिसत होतं. मागे मोकळं खळं, पेजेचं भांडं आणि ऊन. बुजरी पार गंजीजवळ. ती उभी होती आणि एकटक बघत होती... माझ्या पाठीकडे.

मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मग म्हटलं, "कॅमेऱ्याला काय कळतंय! उद्या तुमी दारात उभ्या राहा, मला सांगत राहा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बसले. वयनी त्यांच्या दारात. शेंगा हातात नुसत्याच धरलेल्या. थोड्या वेळाने ऊब आली, मग वजन आलं, नेहमीसारखं निवांत.

"वयनी, बुजरी कुठं आहे?"

"गंजीजवळ. हलली पन नाय."

घाबरले का? घाबरले. खोटं कशाला सांगू... झटकन उठावं, ओरडत घरात पळावं असं झालं. तेवढ्यात वयनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "वंदना, तिची शेपटी हालते गो."

आमच्याकडे आल्यापासून त्या कुत्रीची शेपटी पोटाखालून बाहेर आलेली आम्ही पाहिली नव्हती. मी आता किंचाळून उठले असते तर ती सागात गेली असती आणि तारेनं मेली असती. मागे जे काही होतं ते मला काही करत नव्हतं, नुसतं टेकून बसलं होतं. मी दात आवळले आणि पाठ जागची हलवली नाही.

"येते... येते गो... तुझ्या मागं आली. थांबली. हुंगते."

"काय हुंगते? मला?"

"नाय. तुझ्या मागं वारा हुंगते. शेपटी बघ कशी हालवते... कुनाची वळख असल्यागत."

मग घरघर माझ्या डाव्या कानाशी आली. बुजरी वळसा घालून पुढे आली आणि माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. मी हात अगदी हळू तिच्या मानेवर नेला. बोटांना तार लागली. ती थरथरली, पण गेली नाही. त्याच वेळी पाठीवरचं वजन उठलं. स्टॉप आल्यावर एखादा पॅसेंजर शेजारून उठून जातो, तितकं साधं. मी रडत होते आणि तिकडे वयनीही पदर तोंडाला लावून रडत होत्या.

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आले. बुजरीचं डोकं मी मांडीवर धरलं, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि तार कापून काढली. जखम धुताना त्यांनी सहज विचारलं, "ते दुसरं कुत्रं कुठे बांधलंय?"

"कुठलं दुसरं?"

"अहो, इतकं बुजलेलं जनावर नुसतं माणसाकडे बघून एवढ्यात धीट होत नाही. माणसाच्या अंगाला बिनधास्त टेकून बसणारं एखादं कुत्रं रोज डोळ्यांसमोर दिसलं, की मग त्याला भरवसा येतो. मला वाटलं, तुम्ही कोणाचं तरी आणून बसवत होतात."

वयनींनी शांतपणे उत्तर दिलं, "हाय एक. आमालाच दिसत नाय." डॉक्टर मनापासून हसले.

बुजरी आता बरी आहे. मानेवर केस आलेत, आवाज सुटलाय, आणि पोस्टमनशी पटत नाही. आमचे हे म्हणतात, उन्हात बसून पाठ शेकली असेल, दुसरं काय. मान्य, ऊन शेकतं. पण उन्हाला बरगड्या असतात का? आणि मग बुजरी काय बघत होती? वयनी म्हणतात, खळ्याचा राखणदार असेल. त्या रोज भाकरीचा एक तुकडा गंजीजवळ ठेवतात. कावळे खातात. मला यातलं काहीच पटत नाही.

बुजरी रोज दुपारी माझ्या पाठीला टेकून बसते. तिचं वजन वेगळं आहे. हलकं, चुळबुळतं, माशी बसली तरी उठणारं. आधीचं ते वजन तसं नव्हतं. ते भारी होतं, निवांत होतं, माणसाची सवय असलेलं होतं. इतक्या दुपारी ते माझ्याजवळ बसलं आणि वळायचं नाही या नियमापायी मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. वळायची तर गरजच नव्हती... हात मागे नेऊन एकदा कुरवाळलं असतं तरी चाललं असतं. तेवढं माझ्याकडून राहून गेलं.