सोयऱ्याला दिलेलं टोकन

कंटेनरच्या सीलचा नंबर हरेशदादा तीनदा वाचतो. एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून आणि एकदा मला मोठ्यानं वाचायला लावून. न्हावा शेव्याच्या आमच्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात अठरा वर्षं तो हेच करतोय. एक आकडा पुसट दिसला की ट्रक थांबला, मग ड्रायव्हर कितीही हॉर्न मारू दे.

अशा माणसानं घराचं टोकन दिलं आणि पावती घेतली नाही.

"पावती कोनाकडं मागू? सोयरा हाय माझा."

सोयरा म्हणजे नावड्याचे नामदेवमामा, दादाच्या बहिणीचे मामेसासरे. विकायचं घर त्यांचंच, एका इमारतीतलं. आगऱ्यांत सोयऱ्याकडे पावती मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून भाताचं वजन विचारणं. तेव्हा एक लाख एक रुपया आणि नारळ मामांच्या हातात दिला, सगुणामामीनं पेढा दिला, झाला व्यवहार. आमच्या करमाळ्याला याला इसार म्हणतात, पण तिथं सख्खा भाऊसुद्धा सही घेतो. हे मी बोललो तेव्हा दादानं "गप रे घाटी" म्हणून मला निकालात काढलं.

तिसाव्या दिवशी बेलापूरहून बँकेचा फोन आला. इमारतीला भोगवटा दाखलाच नाही, कर्ज मिळणार नाही. तो दाखलाही दादानं विचारला नव्हता. सोयऱ्याला काय काय विचारणार? दादा उठला, बसला, पुन्हा उठला. चहा मागवला, प्यायला नाही. तो लाख म्हणजे त्याची सहा वर्षांची भिशी होती.

मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "टोकन म्हंजे शब्द. तुझ्यासाठी दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं मी. शब्द तू मोडलास, टोकन गेलं."

"चल," दादा मला म्हणाला. नावड्यापर्यंत बाईक मी चालवली. तो मागं बसून सारखा पाय हलवत होता.

मामा ओटीवर होते. मान वर न करता म्हणाले, "पैसे नाय माझ्याकडं. पोरासाठी, अंकुरसाठी खारघरला फ्लॅट बगितलाय, तोच लाख तिकडं टोकन दिला."

"कदी?"

"तू दिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"पावती?"

"हाय ना. तो मानूस परका हाय."

मला हसू आलं. दादाला नाही आलं. "आना," तो म्हणाला.

पावती त्यानं चष्म्यातून वाचली, मग चष्म्यावरून. मग माझ्या हातात दिली. मी मोठ्यानं वाचली: व्यवहार रद्द करतोय असं खरेदीदारानं तीस दिवसांत लेखी कळवलं तर दहा हजार कापून टोकन परत, त्यानंतर सगळं टोकन जप्त.

"मामा, उद्या मुदत संपते," दादा म्हणाला. "माझ्या पैशावरच तुमी तो फ्लॅट घेनार होतात ना? मी घेत नाय, तर बाकीचे कुठून आननार? परवा माझाही लाख जाईल आनि तुमचा शब्दही."

मामांनी पावती माझ्या हातातून परत घेतली. आतून अंकुर म्हणाला, "बाबा, बरोबर बोलतात ते."

पत्र दादानं तिथंच लिहिलं, मामांनी सही केली आणि आम्ही तिघं खारघरला गेलो. तो परका माणूस शांत होता. पत्राच्या प्रतीवर 'मिळालं' लिहून त्यानं तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशी नव्वद हजार खरंच परत दिले.

ते नव्वद हजार मामांनी दादाच्या हातात ठेवले. दादानं लगेच ऑफिसचं पॅड काढलं.

"दहा हजार एक ऱ्हायले, मामा. तीन महिन्यांत देतो असं लिवलंय. सही करा."

मामांचा चेहरा उतरला. "सोयऱ्याकडून लिवून घेतोस?"

"घेऊ द्या की," मामी आतून म्हणाली. "परक्याचा कागद वाचला म्हनून नव्वद तरी दिसले."

मामांनी सही केली. दादानं ती दोनदा पाहिली आणि कागद माझ्याकडे दिला.

"वाच."

आडनाव पुसट उठलं होतं. दादानं मामांना दुसरं पेन दिलं.